कडावच्या संग्रहालयाची मान्यता

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सत्तरच्या दशकात आम्ही कडावला जुन्या वस्तू जमवायला निघालो, आणि वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साठले! संग्रहालय म्हणजे शाळेमागची एक खोली. बापू अध्यक्ष, मी चिटणीस, अनंता राखणदार. देशभरच्या संग्रहालयांसाठी ठरवलेले नियम पाळले तरच सरकारी मान्यता मिळणार होती. नाहीतर खोली परत शाळेच्या सरपणाला!

*

पहिला नियम, प्रत्येक वस्तूला माहितीची पाटी. अनंताने एका दुपारी झाडून सगळ्या वस्तूंना पाट्या लावल्या. बापू नेहमीसारखे कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीत पेंगत होते. खुर्चीच्या पाटीवर लिहिलं होतं, 'काळ पेशवाई. अवस्था बरी. एक पाय दुरुस्त केलेला.'

नेरळहून आलेल्या एक बाई बापूंकडे निरखून बघत राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "कुठला पाय हो?"

*

दान आलेली वस्तू परत द्यायची नाही, हा आणखी एक नियम. काशीकाकींनी जातं दिलं होतं. दिवाळीच्या तोंडावर त्या भाजणीचा डबा घेऊन हजर!

"काकी, जातं आता देशाचं हाय," अनंता म्हणाला.

"मंग देशाला सांग रं, चकल्या पाठवते!" म्हणत काकींनी तिथेच दळायला बैठक मारली.

*

मग ऐन पावसाळ्यात मुंबईचे साहेब तपासणीला आले. छपराखाली तीन घमेली टपटपत होती.

"इथे आर्द्रतेची काय व्यवस्था?" त्यांनी विचारलं.

बापू अभिमानाने म्हणाले, "भरपूर हाय सायेब! कधी कमी पडत नाय!"

*

एवढं सांगून बापू त्याच दिवशी शेलूला बारशाला निघून गेले. तपासणी संपली, साहेबांनी टेबलावरची आपली छत्री उचलली. अनंता दारात आडवा!

"वस्तू भायेर न्यायला अध्यक्षांची सही लागते."

"अरे, छत्री माझी आहे!"

"समदे असंच म्हणतात, सायेब."

मी खूप समजावलं. अनंता हलेना. साहेब भिजत एसटीकडे गेले. मान्यता गेली म्हणून मी डोक्याला हात लावला.

महिन्याने मान्यता आली! शेरा होता, 'सुरक्षा उत्कृष्ट.'

दिवाळीनंतर साहेब बायकोला घेऊन आले. तिकिटं काढली, वस्तूंच्या काचेच्या कपाटापुढे उभे राहिले.

"अहो, ही आपलीच छत्री ना?" बाई म्हणाल्या.

"हळू बोल. तो दारात उभा आहे ना, तोच अनंता."

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि हातातली पर्स गुपचूप पदराखाली घेतली.