पान चौदावं, मुक्काम डिचोली

मांद्र्याच्या सगुणमामांवर अन्याय झाला तो चतुर्थीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, डिचोलीच्या बाजारातल्या एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर. गोवा राज्य होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मी तिथेच खुर्चीवर बसून बघत होते. म्हणून हे प्रवासवर्णन रागातच लिहिते आहे. समुद्र, माड नि सूर्यास्त ज्यांना हवेत त्यांनी दुसरं काही वाचावं.

सगुणमामा दशावतारात राण्यांची सोंगं करणारे. गोव्याच्या सीमेलगतच्या आपल्या वाडीच्या वाचकांना दशावतार समजावून सांगायला नको. गोष्ट ठरलेली, पण संवादांचं एक अक्षर लिहिलेलं नसतं. नट उभा राहतो आणि तिथल्या तिथे रचतो. मुंबईच्या एका कंपनीला खाणपट्ट्यातल्या विधवेवर टेलिफिल्म करायची होती. लेखकाकडे प्रसंग होते, पण कागदावरची बाई काही तोंड उघडेना. मग ही मंडळी मांद्र्याच्या गेस्टहाऊसात चार दिवस राहिली. लेखक प्रसंग सांगायचा, मामा डोक्यावर पदर घेऊन बाई व्हायचे, टेप चालू असायचा. पुढे फिल्म टीव्हीवर आली. ‘पटकथा-संवाद’ खाली लेखकाचं एकट्याचं नाव. अगदी शेवटी, भराभर सरकणाऱ्या अक्षरांत, ‘आभार : मांद्रे ग्रामस्थ’. माणसाचं गाव करून टाकलं!

मामांच्या बायकोनं, रुक्मिणीमामींनी, भाषेसाठी पत्रकं छापणाऱ्या आमच्या मंडळाला पत्र घातलं. आता फिल्मच्या थिएटरसाठी नव्या प्रती निघणार होत्या, म्हणजे नाव घालायची शेवटची संधी. मी कंपनीला तीन पत्रं पाठवली. कॅसेटी मागितल्या, तर म्हणे त्यांवर गाणी भरली. अखेर उत्तर आलं : लेखक डिचोलीत येतोय, त्या माणसाला घेऊन या, सोक्षमोक्ष लावू.

सोमवारी दुपारी वाडीहून निघाले. सातार्ड्याचा पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका. भिंतीभिंतीवर भाषेच्या घोषणा, एकावर एक. मराठीवर चुना, चुन्यावर कोंकणी, त्यावर पुन्हा मराठी. मीही अशा भिंती रंगवल्या आहेत, लपवत नाही. बसमध्ये मागे दोन म्हातारे बोलत होते.

“राज्य जालें, आतां भास खंयची?” (राज्य झालं, आता भाषा कुठली?)

“पयलीं बस वेळार येवंदी, मागीर भास!” (आधी बस वेळेवर येऊ दे, मग भाषा.)

सगळी बस हसली. मी नाही हसले. तेव्हा मला हसायला हवं होतं असं आता वाटतं.

मांद्र्याला मामांचं घर रस्त्यापासून आत, भातखाचराच्या कडेला. मामा ओटीवर बसून नारळ सोलत होते. साठीचा बारीक माणूस, पण मनगटं अशी वळतात की कोयताही दागिन्यासारखा दिसतो. मामींनी जनेल (खिडकी) उघडून आधी मला नीट न्याहाळलं आणि मग म्हणाल्या, “येवा गे. एक राणी भायर बसल्या, दुसरी चुलीकडे आसा. लुगडां माझ्यापेक्षा हेच बरां नेसतंत.”

“नेसतंय, पण धुवचा तुझ्याच वांट्याक!” मामा.

जेवताना मामी गंभीर झाल्या. मामांचे पुढचे दात गेलेत. आता दशावतारी मंडळीत बोलावत नाहीत. “इतकीं वर्सां उलयले,” त्या म्हणाल्या, “वाऱ्यार गेलां सगळां. ह्या एकच धरून ठेवलेलां, नि तेच्यार दुसऱ्याचा नाव.” (इतकी वर्षं बोलले, सगळं वाऱ्यावर गेलं. हे एकच धरून ठेवलेलं, तर त्यावर दुसऱ्याचं नाव.) मला एवढंच हवं होतं. पत्रकाचा मथळा मनात तयार झाला.

मंगळवारी सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे आणि पातळभाजी खाऊन निघालो. दोन उंडे मामींनी बरोबर दिले. म्हापशाला बस बदलली. आत माणसं कमी आणि माटोळीचं सामान जास्त, म्हणजे गणपतीवर टांगायची फळं, रानातली कांगलां, सुपारीचे घोस. डिचोली जवळ आली तशी रस्त्यावर तांबड्या चिखलाची राड सुरू झाली. पावसाळा म्हणून खनिजाचे ट्रक ओळीनं उभे होते, पण त्यांनी सांडलेली माती पावसाबरोबर शेतात उतरली होती. तिथलं भातही तांबूस दिसत होतं.

इथे माझी चूक सांगते. कंपनीनं टाईप केलेल्या संवादांची एक प्रत पाठवली होती. त्यातलं चौदावं पान सगळ्यांत गाजलेलं. बाई ट्रकपुढे उभी राहून म्हणते, ‘ड्रायव्हरबाबा, ट्रक थांबव म्हणत नाही मी. तुझ्या ट्रकातनं माझं शेत चाललंय, तेवढं उतरव.’ मी ते पान मामांच्या हातात दिलं. “हे पाठ करा. विचारलं तर घडाघड म्हणून दाखवा.”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले. “बाय, काल उलयलेलें आज परत उलयतलों? लोकांक उश्टें वाडूं?” (काल बोललेलं आज परत बोलू? लोकांना उष्टं वाढू?)

“मामा, एकदाच!”

त्यांनी पानाची घडी घातली आणि त्यात उरलेला उंडो गुंडाळला.

लॉजवर कंपनीचा मॅनेजर होता आणि लेखक. लेखक चांगला गोड माणूस. वाकून मामांच्या पाया पडला. म्हणाला, “तुमच्यासारखी माणसं म्हणजे आमची विद्यापीठं.” मग खुर्चीत बसला आणि विद्यापीठ उभंच राहिलं.

मॅनेजरनं प्रत उघडली. “तुमचे शब्द आहेत ना? मग म्हणा. पान चौदा.”

मामांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला. बस्स. त्या खोलीत एक बाई उभी होती.

“वाजव बाबा, हॉर्न वाजव,” ती म्हणाली. “माझ्या सासूला दिसत नाही. तिला रोज सांगते, भात फुटलं, भात पोसवलं. खोटं बोलून माझी जीभ तांबडी झाली. आज तू खाली उतर, आणि तिच्या उशाशी बसून तू सांग, कापणी कधी ते.”

चहा घेऊन आलेला लॉजचा माणूस दारातच ट्रे धरून थांबला. त्याचं गाव साखळीच्या बाजूचं, खाणपट्ट्यातलंच, हे मागाहून कळलं. त्यानं कप टेबलावर ठेवले आणि बाहीनं डोळे पुसले.

“एक शब्द जुळत नाही,” मॅनेजर म्हणाला.

“हो ना,” लेखक म्हणाला, “आदर आहेच, पण हे वेगळंच झालं. मूळ संवाद तो नव्हे.”

हे बोलताना त्यानं मान वर केली नाही. का केली नाही म्हणून मी पुढे झुकले. त्याच्या मांडीवर डायरी होती आणि हात भराभर चालला होता.

“काय लिहिताय?”

“काही नाही. सवय.”

“मोठ्यानं वाचा.”

डायरी मिटली. मॅनेजर म्हणाला, बैठक संपली. मी ओरडले, टेबलावर हात आपटला, कपातला चहा त्यांच्या प्रतीवर सांडला. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळंच. पाठांतराची परीक्षा त्यांनी घेतली खरी, पण सकाळी बसमध्ये तीच मीही घेतली होती. हा माणूस रोज नवं रचतो हाच त्याचा पुरावा, आणि त्यांनी नि मी, दोन्ही बाजूंनी, त्याच्याकडे घोकंपट्टी मागितली.

परतीच्या बसमध्ये मामांनी उंडो अर्धा करून मला दिला. म्हापसा आल्यावर हळूच विचारलं, “बाय, शेवटची ओळ पुराय घेतली मगे त्याणें? कापणीची? अर्दी घेतल्यार वायट दिसता.” (शेवटची ओळ पुरी घेतली ना त्यानं? अर्धी घेतली तर वाईट दिसतं.)

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बुधवारी वाडीला परतले. भिंत रंगवायचा डबा दारामागे तसाच होता. भाषेच्या सन्मानाची इतकी पत्रकं मी छापली, पण ती भाषा ज्याच्या तोंडात आहे त्याच्या नावाची एक ओळ माझ्याकडून छापली गेली नव्हती.

नव्या प्रती निघाल्या. नाव नाही. पुढच्या शुक्रवारी फिल्म आपल्या वाडीच्या थिएटरात लागते आहे. बहिष्कार घाला असं मी सांगणार नाही. जा, तिकीट काढून जा, कारण शब्द मामांचे आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पण पडद्यावर ‘पटकथा-संवाद’ ही अक्षरं आली की खुर्चीतून उठा आणि मोठ्यानं म्हणा, ‘मांद्र्याचे सगुणमामा’. ते नाव कंपनीनं लिहिलं नाही. तुम्ही बोला.