माल आपला, मजुरी मेस्त्रीची

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून फाउंड्रीत आहे. जड शब्द मला येत नाहीत. पण घर बांधायला काढलं की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. सिमेंट कमी पडतं, किस्से पडत नाहीत. चहाच्या सुट्टीत मी ते सांगतो आणि पोरं हसतात. सांगताना मीही हसतो. घडताना मात्र हसू येत नव्हतं.

इकडं सीमाभागात, कंग्राळीला, आमच्या घराचं बांधकाम चाललंय. थोरला अण्णा मिलिटरीत, लांब. त्यानं फोनवरच ठरवलं, "मजुरी मेस्त्रीला. टाइल्स, नळ, चौकटी, सगळा माल आपण आणायचा. तू आण." दुकानात गेलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी म्हणाला.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, मागं लकवा मारून गेला. ते वॉकर घेऊन चालतात. आत्ता राहतो त्या घरात बाथरूमचं दार अरुंद आहे. वॉकर बाहेर राहतो आणि मी त्यांना काखेत धरून आत नेतो. नेताना ते माझ्याकडं बघत नाहीत. नव्या घरात त्यांनी एकट्यानं आत जावं, एवढंच मला पाहिजे होतं. पण हे मी कुणालाच बोललो नव्हतो. आप्पांना तर नाहीच. ते सगळ्यांना सांगत असतात, "घर होईस्तोवर मी वॉकर सोडून काठीवर येतोय बघा."

* * *

पहिल्या दुकानात मालकानं चहा पाजला. चहा पिऊन तसंच उठायला लाज वाटली, म्हणून नको असलेला आरसा घेऊन आलो. दुसऱ्या दुकानात साबण ठेवायची जाळी घेतली. नळ अजून एकही नव्हता.

तिसऱ्या दुकानात चहा आला तसा मी हात जोडले. "चहा नको. मी आज काय घेणार न्हाय."

मालक म्हणाले, "पी रं बाबा. चहा फुकट हाय, नळ न्हाईत."

* * *

फाउंड्रीतला मित्र म्हणाला, "कन्नडमधनं बोल, रेट कमी लावत्यात." मी गाडीवर वाक्यं पाठ करत गेलो. दुकानात शिरून एका दमात म्हणून टाकली. दुकानदारानं थांबत थांबत, आठवत आठवत कन्नडमधनं उत्तर दिलं. मला काही कळलं नाही. मी "हौदु, हौदु", म्हणजे हो हो, म्हणत मान हलवली. शेवटी त्यानं कपाळ पुसलं आणि मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

"कंग्राळी."

"मी शेजारच्या गावचा. मग दोघंबी कशाला तरास करून घ्यायलोय रं?"

रेट तोच लागला.

* * *

बाथरूमच्या टाइल्ससाठी निपाणीपर्यंत गेलो. अण्णानं मोबाइलवर फोटो पाठवले होते. सगळ्या चकचकीत, आरशासारख्या. ते फोटो बघितले की मला आप्पा पडलेलेच दिसायचे. दुकानातल्या शेठजींना हे कसं सांगायचं? मी तोंडाला कोरड पडल्यासारखं केलं आणि पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला. मी चपला काढल्या, सगळं पाणी खाली मांडलेल्या तसल्याच चकचकीत टाइलवर ओतलं आणि वर उभा राहिलो.

शेठजी बघत राहिले. म्हणाले, "पाणी प्यायला दिलतं."

"पायानं बघायचं होतं."

 दुकानातला गडी मागं सरकला, त्याला वाटलं आता शिव्या पडतात. शेठजींनी स्वतःची चप्पल काढली, धोतर जरा वर धरलं आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पाय घासून बघितला.

"घसरतंय की रं," ते गड्याला म्हणाले. "हीच आपण आपल्या घरात घातलिया."

खरबरीत टाइल त्यांनीच काढून दिली. अण्णा फोनवर म्हणाला, "गोठ्याची फरशी आणलास व्हय?" 

* * *

आता चौकटीचं. आप्पा दुपारी झोपले तेव्हा मी सुतळीनं वॉकरचं माप घेतलं, दोन्ही बाजूला हात जाईल एवढी जागा धरून गाठ मारली आणि ती सुतळी बसू सुताराला दिली. "बाथरूमची चौकट या मापानं."

बसू म्हणाला, "एवढी रुंद तर पुढचं दार असतंय."

"असू दे," म्हणालो.

पुढच्या दाराची चौकट बसवायचा मुहूर्त धरला होता. आमच्यात चौकटीला हळदीकुंकू लावतात, वर खण बांधतात, आंब्याचं तोरण लावतात, नारळ फोडतात आणि मगच ती उभी करतात. आत्या गावाहून आली होती. मी नारळ आणायला गेलो आणि तेवढ्यात टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं चौकट भिंतीला टेकवली आणि गेला. एवढी रुंद चौकट बघून कुणाला शंका येणार? आत्यानं बायकांना बोलावलं आणि मुहूर्त टळू नये म्हणून घरातलाच नारळ फोडून पूजा उरकली.

मी आलो तर चौकट हळदीनं पिवळी झालेली. मागोमाग बसू पुढच्या दाराची खरी चौकट घेऊन आला आणि बघतच राहिला. "ही कशाला पूजलासा? ही बाथरूमची."

आत्यानं तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडं वळली. "बाथरूमला एवढी? आत म्हैस बांधणार हाईस व्हय?"

 खरं सांगावं तर आप्पा समोर खुर्चीवर बसलेले. मी नारळाची पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.

"पूजलेली चौकट संडासाला लावायची न्हाय," आत्या म्हणाली. "ही देवघराला लावा. बाथरूमला बारकी आणा."

बायका, बसू, सगळे हो म्हणाले. 

आप्पा उठले. वॉकर सरकवत चौकटीपाशी गेले आणि तिच्या दोन खांबांच्या मधोमध तो उभा केला. दोन्ही बाजूंना हात सारून बघितला. मग पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. 

"आक्का," ते आत्याला म्हणाले, "सकाळी उठून मी देवाच्या आधी तितंच जातोय. ही तितंच लावू दे."

"अरं, हळदीकुंकू लागलंय तिला."

"मग नीट जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसूनं ती चौकट बाथरूमला उभी केली. ओळंबा लावून झाला तसा त्यानं तोरण सोडायला हात वर केला. मी त्याचा हात धरला, तोरण एका बाजूला जरा कललं होतं, ते सरळ केलं आणि कामाला गेलो.