पोह्यातला शेवटचा भगत

नमन त्या कर्पूरगौर शंभूला, ज्याने महाल सोडून डोंगराचा कडा आपला मानला. नमन गौराईला, जी त्याच्या मागोमाग काट्याकुट्यांतून हसत चालली. श्रोतेहो, देव उंचावर बसतो तो भक्ताला छळायला नव्हे. चढता चढता माणसाने माणसाचा हात धरावा, म्हणून बसतो. त्या हाताचीच ही कथा, तेल्हाऱ्याच्या नत्थुजी माळ्याची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले. माघात वांग्या-मेथीचे वाफे ओलवून झाले, की माळीपुऱ्यातून महादेवाचा पोहा, म्हणजे यात्रेकरूंचा जथा, निघे. खांद्यावर त्रिशूळ, पाठीशी भाकरींचे गाठोडे, आणि सातपुड्याच्या रांगांमागून रांगा ओलांडत पचमढीच्या महादेवापर्यंतची वाट. सर्वांत पुढे गाणारा, सर्वांत शेवटी नत्थुजी. शेवटच्या भगताचा नेम असा, की वाटेत कोणी बसले तर त्याला ओलांडायचे नाही. तो उठेपर्यंत आपणही बसायचे. आणि देवाच्या पायरीवर अखेरचे पाऊल ठेवून हाक द्यायची, "पोहा पुरा!" कोणी मागे राहिले नाही, याची ती ग्वाही. त्या हाकेवाचून नारळ फुटत नसे.

पुढे मळ्याच्या विहिरीवर मोट ओढताना, धावेच्या उतारावर बैल बिथरला आणि नत्थुजींचा गुडघा गेला. कित्येक माघ पोहा दारावरून गेला. ते खाटेवरून निळ्या डोंगरांकडे पाहत राहिले. यंदा मात्र त्यांनी काठी उचलली.

"अर्ध्या वाटेत बसले तं कोन उचलीन तुमाले?" त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणाली.

"मी बसनाऱ्याले उठवतो. बसत नाही."

बोलून गेले खरे, पण मनात धास्ती होती. ज्याने कधी कोणाला मागे पडू दिले नाही, तोच पोह्याला ओझे झाला तर? मनकर्णाबाईने त्यांच्या गुडघ्यावर हळदीचे फडके बांधले.

डोंगरात पळस पेटला होता. ओळखीच्या मोहाच्या झाडाला नत्थुजींनी हात लावला, लेकीने माहेरच्या उंबऱ्याला लावावा तसा. मजल दरमजल पाय चालले. शेवटच्या चढणीवर मात्र गुडघा ठणकू लागला, आणि नवल असे, की नेमके तेव्हाच पुढची माणसे बसू लागली. आधी पार्वताबाईला धाप लागली. मग चंद्रभानच्या पायात काटा रुतला. नेमाप्रमाणे नत्थुजी प्रत्येकापाशी थांबले. थोड्या वेळाने माळीपुऱ्यातली तरणी शकुन दगडावर टेकली.

"काका, मले लय दम लागला."

नत्थुजी तिच्याकडे बघतच राहिले. "पोरी, वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन बजार गाठते तू. अन् तुले दम लागला?"

शकुनने पदराआड हसू दडवले. "देवाच्या वाटेवर खोटं बोलून राहिली, काका. पाप माह्या माथी."

"अन् चंद्रभानचा काटा?"

"थो तं कालचाच होता!"

नत्थुजींनी वर पाहिले. सारा पोहा वळणावळणावर थांबला होता, सारा पोहा त्यांच्यासाठी दमला होता. लाजेने मान खाली गेली. पण लाजेखाली मायेचा झरा होता, तो डोळ्यांवाटे वाहिला. त्यांनी काठी आडवी ठेवली आणि जन्मात कधी न उच्चारलेले शब्द उच्चारले.

"थांबा रे, भगतहो. आता मीच दमलो."

"मंग बसा निवांत," म्हणत शकुन उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. "मांगचं मी पाहतो."

सावकाश, टेकत टेकत, ते चढले. पायरीशी येताच शकुन अडली. "मांगं कोनी नाही, काका. आता अखेरचा पाय तुमचा."

"एकट्याचा कावून?" नत्थुजींनी तिचा हात धरला. दोन पावले एकदम पायरीवर पडली, दोन कंठांतून एकच हाक उठली: "पोहा पुरा!" खळ्ळकन नारळ फुटला. हर हर महादेव!

शंभो, नत्थुजीच्या गुडघ्याला बळ दे, मनकर्णाबाईचे कुंकू अखंड ठेव, त्यांच्या मळ्याच्या विहिरीचे पाणी आटू देऊ नकोस. आणि त्या घरात शेवटचा माणूस जेवल्यावाचून चूल कधी विझू नये.