शिप्टनमधली बोरवाडी

दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही टेक्ससमध्ये, फ्रिस्कोत घर घेतलं. बिल्डरने उघड्या माळावर दगडी कमान उभी करून तिच्यावर लिहिलं होतं, ‘शिप्टन’. आतल्या गल्ल्या हार्डविक आणि केसविक. मैलभरात धड झाड नाही, पण थाट इंग्लंडच्या खेड्याचा! आमची मराठी मंडळी त्या नावांवर लट्टू होती. पुण्याला फोनवर पत्ता सांगताना त्यांचा आवाजच बदलायचा.

मी लायब्ररीत इंग्रजी गावनामांचा कोश चाळला आणि एकटीच हसत बसले. ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण, मग त्यातली शेती, वस्ती. आपली वाडी तीच. ‘शिप’ म्हणजे मेंढी. केसविक ही चीज करणाऱ्यांची वस्ती आणि हार्डविक गुरांचा गोठा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणावं, तर इथे नावसुद्धा सोनूबाई नव्हतं.

वास्तुशांतीला माझे वडील, अण्णा, गावाहून आले ते पितळी पाटी घेऊनच. तिच्यावर आमच्या गावाचं नाव, ‘बोरवाडी’. तांबटाकडे स्वतः बसून करून घेतलेली. ती लेकीच्या दारावर लागलेली पाहायची, एवढ्यासाठी त्यांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास केला होता.

पण दाराबाहेर खिळा ठोकायचा तरी वसाहतीच्या कमिटीची परवानगी लागायची, म्हणून अण्णा आले त्याच दिवशी मी अर्ज टाकला होता. कमिटीवर आमचाच एक पुणेकर शेजारी. वास्तुशांतीच्या जेवणात, श्रीखंडाची दुसरी वाटी संपवत तो अण्णांना म्हणाला, “काका, रागावू नका हं. पण वाडी म्हणजे फारच डाउनमार्केट वाटतं यार. रीसेल व्हॅल्यू बघावी लागते ना. आम्ही रिक्वेस्ट रिजेक्ट केलीय.”

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी म्हटलं, “तुम्ही मेंढवाडीत राहता. शिप्टनचा अर्थ तोच आहे.”

तो हसला. “असेल. पण साउंड किती क्लासी आहे!”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी. या लोकांना अर्थाशी कधी देणंघेणं नव्हतंच, आणि मला त्यांची शिसारी आली.

संध्याकाळी अण्णा कमानीपर्यंत फिरून आले. “मेंढवाडी म्हणालीस, पण मेंढरू एक दिसलं नाही गं.”

“आहेत की अण्णा. कमिटीवर सगळी तीच.”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी पाटी फडक्यानं पुसली आणि बॅगेत, धोतरांच्या खाली ठेवून दिली.