पाचव्या नावाची हजेरी

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट आमच्या कॉलनीत असल्या गोष्टी रचून सांगणारा अधिकृत माणूस मीच. पाण्याच्या टाकीवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, ही अफवा माझी. पोरांनी टाकीवर चढू नये म्हणून सोडली होती, आता मोठी माणसंही तिकडे जात नाहीत. त्यामुळे ही गोष्ट मी कॉलनीत सांगितली की लोक हसतात. म्हणून इथे लिहितोय... निदान तुम्ही मला ओळखत नाही.

मुलुंड पूर्व. चार मजल्यांच्या चार बिल्डिंगी, मध्ये मैदान, मैदानात झेंड्याचा खांब. पोलीस आणि सैन्यातल्या लोकांनी मिळून बांधलेली सोसायटी. माझ्यासारखे विमा कंपनीतले कारकून नंतर घुसले. तरुणपणी मी एकांकिकांतून कामं केली, आवाज दणदणीत. त्यामुळे गणपती, हळदीकुंकू, शोकसभा — माईक माझ्याकडे. शोकसभेत तर मी फार रंगतो, असं बायको म्हणते.

आमच्याकडे सव्वीस जानेवारीला एक प्रथा आहे. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, की कॉलनीतले जे जवान आणि पोलीस कर्तव्य बजावताना गेले त्यांची हजेरी घेतली जाते. आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहत नाही. ज्या जुन्या फौजदारांनी ही प्रथा पाडली ते म्हणायचे, "गप्प बसायला घरी बसा. इथे आपल्या माणसांची हजेरी आहे." मी हुद्दा, नंबर आणि नाव पुकारतो, आणि अख्खं मैदान त्या माणसाच्या वतीने एका आवाजात म्हणतं — "हजर." आजोबांपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत. कितीही वेळा ऐकलं तरी अंगावर काटा येतो.

यादीत चार नावं. दोन सैन्यातली, दोन पोलिसांतली. पाचवं नाव नव्हतं, आणि गोष्ट त्याचीच आहे.

परब हवालदार. (हे नाव बदललंय.) आमच्या समोरच्या बिल्डिंगीत राहायचे. नाकाबंदीवर उभे असताना भरधाव गाडीने उडवलं, जागच्या जागी गेले. सोसायटीचे सेक्रेटरी तावडे साहेब, रिटायर्ड इन्स्पेक्टर, यांचं म्हणणं, तो अपघात. "यादीवर शहीद लिहिलंय रे. उद्या ठाण्यात खुर्चीवर बसून हार्ट अटॅकने गेलेलेही लायनीत येतील." सात वर्षं परब वहिनी शेवटच्या रांगेत, स्कूटर स्टँडजवळ उभ्या राहायच्या. चारही नावांना "हजर" म्हणायच्या आणि घरी जायच्या.

दोन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. घर विकलं होतं, महिनाअखेरीस लेकीकडे नाशिकला कायमच्या जाणार होत्या.

"भाऊ, उद्या एकदाच ह्यांचं नाव घ्याल? परत मी काय इथे येणार नाय."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बघतो वहिनी."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. वहिनी गेल्यावर म्हणाली, "बघतो काय, बघतो? सरळ वाच ना."

"तावडे कच्चा खाईल मला."

"मग खाऊ दे. एवढा मोठा आवाज काय फक्त तंबोल्यासाठी दिलाय देवाने?"

खरं कारण ऐका, लाज वाटते पण ऐका. आमच्या बाथरूमच्या गळतीचा अर्ज तावडे साहेबांच्या टेबलावर पडला होता. बस, एवढंच. एका हवालदाराचं नाव आणि माझं बाथरूम, यात मी बाथरूम निवडलं.

सकाळी आठ वाजता सगळे मैदानात. मुलुंडला थंडी पडते असा आमचा दावा आहे, म्हणून स्वेटर घालून. झेंडा फडकला, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. मी माईकवर. पहिलं नाव... हजर. दुसरं... हजर. तिसरं. चौथं. चौथ्यानंतर मी कागदाची घडी घातली आणि चुकून शेवटच्या रांगेकडे बघितलं. वहिनींनी डोकं वर केलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या.

वाचावं? न वाचावं? मी तोंड मिटून नुसता उभा. स्पीकरची घरघर ऐकू येत होती, टाकीवर एक कावळा ओरडत होता.

आणि अख्खं मैदान म्हणालं — "हजर."

दीडशे माणसं, एका आवाजात. मी दचकून मागेच सरकलो. वाटलं, लोकांची मोजणी चुकली. तावडे साहेब समोरच होते, छाती पुढे, हात शरीराला चिकटलेले. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

कार्यक्रम संपल्यावर मी कढईतल्या जिलेबीकडे पळत होतो, तर तावड्यांनी गाठलं. म्हटलं, वाट लागली.

"मला न विचारता वाचलंस," ते म्हणाले.

"काय वाचलं, साहेब?"

"नाटकं करू नको. परबचं नाव." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बक्कल नंबरासकट पुकारलंस. पस्तीस वर्षांची सवय रे, नंबर ऐकला की तोंडातून हजर निघूनच जातं."

पोलीस शिपायाच्या पट्ट्यावर असतो तो बक्कल नंबर. मला परबांचा नंबर माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. मी नुसता मान हलवत राहिलो. एकामागून एक लोक येऊन पाठ थोपटत होते — झकास केलंस, हिंमत दाखवलीस. बायकोच्या डोळ्यांत पाणी. "मला आधी सांगायचं ना रे," म्हणाली. आणि मी, मित्रहो, ते सगळं कौतुक घेतलं. जिलेबीही घेतली.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मी बायकोला आणि दोघा शेजाऱ्यांना वेगवेगळं गाठून विचारलं, कुठला नंबर ऐकलात? तिघांनी एकच आकडा सांगितला. आवाज कोणाचा होता? "तुझाच, अजून कोणाचा?" शेजारचे जोशी म्हणाले, "जरा घसा बसल्यासारखा वाटला खरा."

मग जोशींनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बघितला. चार नावं. कागदाची घडी. माझं तोंड बंद. सहा सेकंद काही नाही, मग "हजर."

बायकोने तीन वेळा बघितला. "आवाज गेला असेल मधला."

"कावळा ऐकू येतोय की."

"हं."

"आणि माझं तोंड बघ."

ती फोन उलटा ठेवून कुकर लावायला गेली.

आता हुशार लोक म्हणतील, सगळ्यांच्या मनात तेच नाव होतं, म्हणून ऐकू आल्याचा भास झाला. मान्य. नाव मनात असेल. पण नंबर?

संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. घरभर खोकी, भांडी पेपरात गुंडाळलेली. मी कुठलंही कारण न देता विचारलं, हवालदारांचा बक्कल नंबर काय होता? त्यांनी कपाटातून रुमालाची एक पुरचुंडी काढली आणि उघडून माझ्या हातावर ठेवली. थंडगार पत्रा, त्यावर आकडे. तिघांनी सांगितलेलेच. आकडा इथे लिहीत नाही, त्यावर हक्क त्यांचा आहे.

अभिनय मला जन्मभर जमला, पण त्या घटकेला नाही जमला. म्हटलं, "वहिनी, खोटं नाही बोलवत. मी सकाळी नाव घेतलंच नाही. घाबरलो."

"ठाऊक आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी पण नाय ऐकलं. तुम्ही गप्प उभे होतात."

म्हणजे दीडशे माणसांत आम्ही दोघंच. ज्याने नाव घ्यायचं होतं तो, आणि जिच्यासाठी घ्यायचं होतं ती. बाकी सगळ्यांना ऐकू गेलं, आम्हाला नाही. आता यादीत पाच नावं आहेत, पाचवं तावडे साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि मी ते खणखणीत वाचतो. पण त्या सकाळी कोणी वाचलं?

मी विचारलं होतं, "वहिनी, मग तुम्हाला वाईट नाही वाटलं? नाव कानावर पडलंच नाही."

एरवी माझ्याशी शहरी मराठीत बोलणाऱ्या वहिनी त्या दिवशी मालवणीत बोलल्या. पुरचुंडीला गाठ मारत म्हणाल्या,

"नाव माका कित्याक व्हया? ता तर माझ्या तोंडातच असा. माका 'हजर' आयकूचा होता."