शेणाने माखलेल्या पाटल्या

वहिनी गेल्याचा निरोप घेऊन भाचा आला, तेव्हा रडू यायच्या आधी मला तिची चाल आठवली... पदर खोचून भर उन्हात पुढे निघालेली वहिनी आणि तिला गाठताना धापा टाकणारी मी, तिची नणंद.

उल्हासनगरच्या कॅम्पांत निर्वासित येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमचं घर बदलापूरजवळच्या पाड्यावर, वहिनी नवी नवरी. भाताच्या कणगीचं तोंड शेणामातीने लिंपायचं असलं की ती हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून ओट्यावर ठेवायची. त्या दिवाळीनंतर लिंपण झालं, तिने हात धुतले आणि पाहते तर ओट्यावर पाटल्या नाहीत. ओट्यावरच ठेवल्या होत्या, असं ती शपथेवर सांगत होती. आणि नेमका त्याच ओट्यावर त्या सकाळी परसराम कापडाचं गाठोडं सोडून बसला होता. कॅम्प पाचमधला हा सिंधी फेरीवाला आमच्या घरी नेहमी चहा प्यायचा. पण गावाने विचार करायला उसंतच घेतली नाही. "कॅम्पातला मानूस, दुसरा कोन नेनार?" वहिनीनेही मान डोलावली. पोलिसांनी त्याला चौकीत नेऊन मारलं, काही मिळेना म्हणून सोडलं. तो सुटला, पण लोकांच्या तोंडी चोरच राहिला. पाड्यापाड्यांवर त्याला दारं बंद झाली, कॅम्पातले शेजारीही त्याच्याशी बोलेनात.

होळीच्या सुमारास माझ्या दादाने कणगी फोडली. वरच्याच भातात पायली घातली आणि काहीतरी खणकन वाजलं... पाटल्या. वहिनीने त्या दिवशी त्या ओट्याऐवजी भातावर ठेवल्या होत्या आणि वरून तोंड लिंपून टाकलं होतं.

"घरातलं घरात राहू दे," दादा म्हणाला. वहिनीने पाटल्या मुठीत धरल्या आणि उंबरा ओलांडला. काय झपाझप चालत होती ती. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता. अंबरनाथचं शिवमंदिर मागे टाकून ती थेट कॅम्पाच्या बाजारात मधोमध उभी राहिली.

"समद्यांनी आयका. परसरामभाऊने चोरी केली नाय. पाटल्या माज्याच कनगीत व्हत्या. चुकी माजी, मार त्याने खाल्ला."

बाजार थबकला. परसराम गाठोड्यामागून उठला. "बहनजी, मी पहिल्या दिवसापासून हेच बोलत होतो. किसीने सुना नहीं." मग एकेका दुकानदारापुढे जाऊन विचारू लागला, "सुना? तुम्ही पण सुना?" मला तर तिथेच नाचावंसं वाटत होतं.

तो पुन्हा आमच्याकडे येऊ लागला, पण ओट्यावर काही बसला नाही. वहिनीने कितीदा विनवलं... तो अंगणात उभ्यानेच कापड दाखवायचा आणि कुणी न मागता जाताना गाठोडं झटकून दाखवायचा. तेवढा वेळ वहिनी मान खाली घालून उभी असायची.

त्यानंतर लिंपताना तिने पाटल्या कधीच उतरवल्या नाहीत. आई ओरडायची, सोनं खराब होतंय म्हणून. तेराव्याला भाच्याने त्या पाटल्या माझ्या हातात ठेवल्या. सोनाराला दाखवल्या तर तो म्हणाला, "नक्षीत घाण बसलीये, उजळून देतो." मी त्या परत घेतल्या आणि तशाच हातात घातल्या.