मुक्काम सांगून निघायचं

रोज सकाळी निघण्याआधी सुकन्या चुलीवर पाणी टाकायची. निखारे विझतील एवढंच. वाफेचा एक फुत्कार यायचा, राख काळी पडायची. मग ती चुलीचे तिन्ही दगड काठीनं सारून नीट बसवायची, मागून येणाऱ्याच्या कामी येतील म्हणून. त्या दगडांचा मोबाइलवर फोटो काढायचा, खाली दोनच ओळी लिहायच्या: काल कुठं होते, आज कुठं चालले. मग ओम्नीचं दार ओढायचं. ते पहिल्यांदा लागायचं नाही. दुसऱ्यांदा जोरात आपटायचं, आणि निघायचं.

‘चालतं बिऱ्हाड’ हा तिचा ब्लॉग. वडिलांनी दूध वाहायला घेतलेली ओम्नी त्यांच्या माघारी तिच्याकडे आली. मागची सीट काढून तिनं तिथं गादी टाकली. दोन पातेली, तवा, पाण्याचा कॅन. एवढा संसार घेऊन ती इंदापूर, भिगवण, बारामती, भवानीनगर अशी फिरत राहिली. लोक लांबलांबच्या डोंगरांत जाऊन प्रवासाबद्दल लिहितात. ही आपल्याच दोन तालुक्यांत फिरली, आणि त्यांत घर मात्र कुठं केलं नाही.

घर तिनं एकदा करून पाहिलं होतं, भवानीनगरला. नवरा हात उचलायचा. एके दिवशी त्यानं तापलेलं उलथणं तिच्या दंडावर टेकवलं. तिनं गॅस बंद केला, पिशवी भरून ओम्नीत टाकली आणि उंबऱ्यावरून सासूला सांगितलं, “भिगवणला चालले. स्टेशनाजवळ थांबीन.”

सासू म्हणाली, “पळून जाणारी बाई पत्ता दिऊन जाती व्हय?”

“पळून न्हाय चालले. निघून चालले.”

दुपारी नवरा स्टेशनाजवळ आला. त्यानं तिचे केस धरले आणि डोकं ओम्नीच्या दारावर आपटलं, पुन्हा आपटलं. रिक्षावाल्यांनी त्याला ओढून बाजूला केलं तेव्हा दाराचा पत्रा आत गेला होता. तेव्हापासून ते दार पहिल्यांदा लागत नाही. कपाळाला टाके घालून ती बाहेर आली आणि त्याच दिवशी तिनं पुढचा मुक्काम लिहिला. तेव्हा वाचणारं फारसं कुणी नव्हतं. तरी लिहिला.

ही सवय तिच्या आईच्या माहेरची. आई सिंधुबाई मेंढपाळांच्या घरातली. सिंधुबाईंचे वडील म्हस्कू मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे. बिऱ्हाड हललं की पुढचा मुक्काम कुणाला तरी सांगून निघायचं, हा त्यांच्यातला नियम. घरून पीठ-मीठ घेऊन येणाऱ्यानं शोधायचं कुठं? एकदा भावाशी भांडण झालं आणि म्हस्कू रागाच्या भरात न सांगताच पुढं गेले. वाटेत चोरांनी गाठलं. आधी कुत्री मारली. मग काठ्यांनी म्हस्कूंचे पाय मोडले, आणि मेंढरं हाकत नेली. भाऊ पीठ घेऊन आला तर जुन्या चुलीचे दगड थंड पडलेले, आणि माग कुठल्या दिशेला गेला ते सांगणारं कुणी नाही. म्हस्कू सापडले तेव्हा त्यांच्या जखमांना मुंग्या लागल्या होत्या. ते वाचले, पण उरलेला जन्म काठीवर लंगडत काढला. “ठावठिकाणा दिल्याबिगर पाऊल उचलायचं न्हाय,” असं ते सिंधुबाईंना सांगायचे. सिंधुबाईंनी ते लेकीला सांगितलं. गोष्ट संपली की त्या पदर तोंडाला लावायच्या, कारण मेलेली कुत्री त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती.

या नियमाचा सुकन्याला एकदा फायदाही झाला. बारामतीच्या रस्त्याला ओम्नीत ती तापानं बेशुद्ध पडली होती. सकाळी ब्लॉगवर मुक्काम आला नाही म्हणून भिगवणच्या दवाखान्यातली करुणा नावाची नर्स, जिनं तिला कधी पाहिलंही नव्हतं, शेवटच्या दोन ओळी वाचून स्कूटीवर शोधत आली. दगड घालून काच फोडली आणि तिला बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर सुकन्या म्हणाली, “काच का फोडलीस? दार ढकललं असतंस तर उघडलं असतं.” दोघींची मैत्री तिथून सुरू झाली. मला यातलं बरंचसं करुणाकडूनच कळलं.

सुकन्या लिहायची ते बोलल्यासारखंच. कुठल्या ढाब्यावर बायकांना कडी असलेलं स्वच्छतागृह आहे, कुठल्या वळणावर उसाच्या ट्रॉल्या दिव्याविना उभ्या असतात आणि तिथं कुणाचं डोकं फुटलं. एका टपरीबद्दल तिनं लिहिलं होतं, “चहा बरा हाय, पर मालक बायकूवर हात उचलतो. चहा म्होरं प्यावा.” त्या टपरीवाल्यानं तिच्यावर उकळता चहा फेकला. तो तिच्या पायावर सांडला, फोड आले. तिनं खाली आणखी एक ओळ वाढवली: “चहा आता पायानंबी चाखला. मत तेच हाय.” ट्रकवाले ती ओळ एकमेकांना वाचून दाखवायचे. टपरी पुढं बंद पडली.

मग पाखरांचा फोटो आला. भिगवणच्या खाली उजनीच्या पाणकाठी रोहित पक्षी उतरले होते, उथळ पाण्यात गुलाबी रांग लागली होती. सुकन्यानं चुलीजवळ बसूनच फोटो काढला आणि टाकला. रांगेच्या मागं, पाण्याच्या त्या कडेला, चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी होत्या. तिनं पाखरं पाहिली. बाकीच्यांनी बोटी पाहिल्या. आठवड्याच्या आत महसूल खात्याचं पथक आलं आणि त्यांनी जिलेटिन लावून बोटी उडवल्या. धमाक्यानं पाखरंही उडाली, ती त्या वर्षी परत उतरली नाहीत.

बोटी विजयसिंह नावाच्या माणसाच्या होत्या. दोन माणसं घेऊन तो मासळीच्या हॉटेलासमोर सुकन्याच्या ओम्नीपाशी आला. दिवस चांगला वर आला होता, हॉटेलात माणसं जेवत होती.

“ताई, चिलापी खाल्ली का?”

“खाल्ली. काटं लई हायत.”

“काटं बाजूला करून खायाचं असतं. फोटूचंबी तसंच. तेवढा उडवून टाका, आन् कोर्टात इचारलं तर म्हना, जागा दुसरी हाय.”

“जागा तीच हाय. खाली लिवलंय मी. आन् फोटूत पाखरं हायत, तुमच्या बोटी मागं आल्यात. तुमाला मागं उभं ऱ्हायाला कुणी सांगितलं?”

विजयसिंहच्या दोघांपैकी एकाला हसू फुटलं. विजयसिंहनं आधी त्याच्या कानाखाली मारली. मग त्यानं सुकन्याचा उजवा हात मनगटाला धरला, बोटं ओम्नीच्या चौकटीवर ठेवली आणि दार लोटलं. ते पहिल्यांदा लागलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा आपटलं.

हॉटेलातली माणसं ताटावरून उठली तोवर तो निघून गेला होता. सुकन्या खाली बसली होती, हात मांडीवर धरून. खालचा ओठ तिनं एवढा चावला होता की हनुवटीवरून रक्त गळत होतं.

तक्रार झाली, विजयसिंहला पकडलं, तो जामिनावर सुटला. वाळूच्या खटल्यात तो फोटो आणि सुकन्याची साक्ष, एवढंच त्याला आडवं येणारं होतं. हाताला प्लॅस्टर घेऊन ती इंदापूरला सिंधुबाईंकडे राहिली. दारात शेजारपाजारचे येऊन बसायचे. एकदा दुपारी कुणीतरी दगड मारून खिडकी फोडली. काचा सिंधुबाईंच्या पिठाच्या परातीत पडल्या. त्यांनी सगळं पीठ उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि हात धुऊन लेकीसमोर बसल्या.

“खटला हुईस्तवर हितंच ऱ्हा.”

“हितं दगड येत न्हाईत व्हय, आये?”

“मग जा. पर मुक्काम लिवू नगं. त्वांडानं मला एकटीला सांग.”

“तूच शिकिवलंस की सांगायला.”

“माझ्या बापाच्या टायमाला चोर वास काढत यायचं. तू सोताच घंटा वाजिवतीस.”

सुकन्या डाव्या हातानं वाल निवडत होती. “आये, न सांगता कुठं बसले, तर त्याला कळायचं ऱ्हाईल का? गावोगाव त्याची माणसं हायत. मुक्काम लिवला न्हाय, तर फकस्त त्यालाच कळंल.”

पुढं सिंधुबाई मला म्हणाल्या, “तिचं खरं हुतं. तेच तर वाईट हाय.”

पुढच्या आठवड्यात ती निघाली. प्लॅस्टरमधून बोटांची टोकं दिसत होती, काळीनिळी. आईच्या अंगणातल्या चुलीवर तिनं पाणी टाकलं, फोटो काढला आणि डाव्या हातानं लिहिलं: “काल आयेकडं. आज भिगवणच्या खाली, पाणकाठी, पाखरांच्या जागंला. जुनी चूल तितंच आसंल.”

चूल होती. कचरूतात्या तिथंच जाळं विणत बसले होते. ते त्या काठाला मासेमारी करायचे, आणि ती आली की तिला ताजी चिलापी द्यायचे. त्या दिवशीही दिली. “एका हातानं कशी साफ करशील?” म्हणत त्यांनीच खवले काढून तुकडे केले. वेड्या बाभळीची लाकडं पेटली, भात शिजत आला. कचरूतात्या बोटीकडे वळले होते.

वाळूचा हायवा डंपर बांधावरून खाली आला तो सरळ ओम्नीवर. ओम्नी दोन कोलांट्या घेत चिखलात उलटी पडली, चाकं फिरत राहिली. विजयसिंह आणि दोघं उतरले. हातात लोखंडी गज होते. सुकन्या पळाली नाही. पळायला तिथं पाणीच होतं. तिनं डाव्या हातानं चुलीतलं पेटतं लाकूड उपसलं आणि सगळ्यांत आधी जवळ आलेल्या विजयसिंहच्या गालावर मारलं. तो जनावरासारखा ओरडला. मग तिघांनी मिळून तिला मारलं. खांद्यावर, बरगड्यांवर, प्लॅस्टरवर, आणि ती गुडघ्यावर आली तेव्हा डोक्यावर. भाताचं पातेलं लवंडलं. गज पडण्याचा आवाज कचरूतात्यांना बोटीपर्यंत ऐकू आला. ते वल्हं घेऊन धावले, एकाच्या पाठीत घातलं, आणि उलट्या फटक्यानं त्यांचे पुढचे दात गेले. तोंडातून रक्त ओघळत असताना त्यांनी पुन्हा वल्हं उचललं.

तेवढ्यात बांधावर ट्रक आला. सुकन्या पुन्हा रस्त्यावर आली हे वाचून सोलापूरकडं जाणारे दोन ड्रायव्हर तिच्या हातचा चहा प्यायला मुद्दाम खाली वळले होते. त्यांनी ट्रक हायव्यापुढं आडवा घातला. मागून करुणाची स्कूटी आली, डिकीत पट्ट्या आणि मलम. बोटांचं ड्रेसिंग करायला ती निघाली होती. त्याच दोन ओळी वाचून विजयसिंह आला होता, त्याच वाचून हे आले होते. मध्ये थोड्याच वेळाचं अंतर पडलं.

हळूहळू काठावरचे आणखी लोक जमले. विजयसिंह हायव्यात चढत होता, त्याला पायाला धरून खाली ओढला. वल्ही, चपला, दगड, हाताला येईल ते. “तिची बोटं चेचतोस व्हय रं?” असं म्हणत कुणी त्याच्या हातावर उभं राहिलं. करुणा सांगते, ती कुणालाही थांबवायला गेली नाही. तिला वेळ नव्हता, आणि मनही नव्हतं.

विजयसिंह जगला. खटला आता खुनाचा आहे, चालू आहे. कचरूतात्या साक्ष देतात तेव्हा दातांच्या फटीतून शब्द सुटतात, तरी ते प्रत्येक वाक्य पुरं करतात. ब्लॉग सिंधुबाईंनी काढू दिला नाही. पाखरांच्या फोटोखाली जागेचं नाव अजून तसंच आहे, आणि त्या चुलीवर येणारे-जाणारे अजून चहा करतात.

सुकन्याला ट्रकच्या केबिनमध्ये घेतलं होतं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिचं डोकं करुणाच्या मांडीवर होतं, आणि करुणानं आपली ओढणी घडी करून जखमेवर दाबून धरली होती. ओढणी भिजली, तेव्हा ड्रायव्हरचा गमछा धरला. डोक्याच्या जखमेवर भिगवणला इलाज नव्हता, आणि इंदापूर अजून लांब होतं. पळसदेव यायच्या आधी सुकन्यानं डोळे उघडले. एक डोळा सुजून बंद होता, दुसऱ्यानं तिनं करुणाकडे पाहिलं. काय झालं, कुणी मारलं, कुठं चाललोय, यातलं काही विचारलं नाही. काहीतरी विसरल्यासारखं तिच्या कपाळाला आठी पडली. करुणानं कान खाली नेला.

“करुणे, चुलीवर पाणी टाकलं का गं कुणी?”